गाडीत दोन अ‍ॅम्प: एक जाड केबल की दोन वेगळ्या? आणि अर्थ नेमका कुठे?

घोडबंदर_हॅच

नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅकमध्ये दोन अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरना ताकद देणारे अ‍ॅम्प्लिफायर, बसवायचे आहेत. दारांची पॅनेल उघडण्याआधी वायरिंग कागदावर पक्कं करायचं आहे.

सामान असं. हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डवरचा स्टिरिओ, बाहेरून घेतलेलं; फ्रंट, रिअर आणि सब (बासचा मोठा स्पीकर) असे तिन्ही प्रीआउट, म्हणजे अ‍ॅम्पकडे सिग्नल पाठवणारी टोकं, ४ व्होल्टचे. पहिला अ‍ॅम्प ४ चॅनलचा, क्लास एबी, ४ ओहमला ७५ वॉट आरएमएस (सतत देता येणारी ताकद) प्रति चॅनल, अंगावर २५ अँपिअरचे दोन फ्यूज. दुसरा मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, सबसाठी, क्लास डी, २ ओहमला ५०० वॉट आरएमएस, अंगावर ३० चे दोन. सब १२ इंची, ड्युअल कॉइल, ४+४ ओहम. दोन्ही अ‍ॅम्प डिकीत प्लायवर शेजारीशेजारी बसतील. बॅटरीपासून तिथपर्यंत केबलचं अंतर वळणांसकट ५ मीटर भरतं.

चौकशी केली तर तीन ठिकाणी तीन उत्तरं. एक म्हणतो, बॅटरीपासून दोन स्वतंत्र ८ गेज केबल ओढा. दुसरा म्हणतो, एकच केबल पहिल्या अ‍ॅम्पला लावा आणि त्याच्याच टर्मिनलवरून पुढे दुसऱ्याला. तिसरा ४ गेजचं तयार किट घ्या म्हणतो, आणि अर्थ, म्हणजे मायनसची गाडीच्या बॉडीला जोडणी, मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला मारा, कारण तो जाड असतो. बरोबर काय? फ्यूज किती अँपिअरचा? रिमोटची, म्हणजे हेड युनिटवरून अ‍ॅम्प चालू-बंद करणारी, एकच वायर दोघांना पुरते का? रोज घोडबंदर ते ऐरोली जाणं-येणं, निम्मा वेळ गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असते, म्हणून अल्टरनेटरचीही काळजी वाटते.

तारवाला_ऐरोली

आधी करंट काढू, मग केबल आपोआप ठरते.

क्लास एबीची कार्यक्षमता पूर्ण आवाजाला ६० टक्के धरा. ३०० वॉट बाहेर यायचे तर ५०० आत जायला हवेत. भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे ३६ अँपिअर. क्लास डीची ८० टक्के धरली तर ५०० साठी ६२५ वॉट, म्हणजे ४५ अँपिअर. एकूण ८१. गाण्यांवर सरासरी याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच राहते, पण ढोलाचा ठोका पडतो त्या क्षणी केबलला हा पूर्ण आकडा पेलावा लागतो.

आता तुमच्या तीन सल्ल्यांकडे येऊ. पहिल्या अ‍ॅम्पच्या टर्मिनलवरून दुसऱ्याला सप्लाय देणं बिलकुल नको. टर्मिनलमध्ये केबल दाबून धरणारा तो बारीक ग्रब स्क्रू एका अ‍ॅम्पच्या करंटसाठी बनवलेला असतो, त्यातून दोघांचा वाहू लागला की तोच आधी तापतो. दोन स्वतंत्र ८ गेज चालून जातील, पण बॉनेटमध्ये दोन फ्यूज होल्डर आले आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) दोन केबल आल्या. शिवाय ८ गेज म्हणजे जेमतेम ८.४ स्क्वेअर एमएम. मोनोचे ४५ अँपिअर ५ मीटर नेताना एकट्या प्लसच्या बाजूला ०.४६ व्होल्ट पडतात. त्यापेक्षा एकच २५ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल डिकीपर्यंत आणा. दोन्ही अ‍ॅम्पचे मिळून ८० अँपिअर गेले तरी ०.२८ व्होल्टच पडतात. डिकीत फ्यूजवालं डिस्ट्रिब्युशन ब्लॉक लावा, तिथून ४ चॅनलला १० स्क्वेअर एमएम आणि मोनोला १६. या दोन्ही फांद्या अर्ध्या मीटरच्या आत ठेवा.

तयार किटची अडचण अशी की ४ गेज म्हणजे खरं तर २१ स्क्वेअर एमएम, आणि स्वस्त किटमध्ये ना तेवढा आकार असतो ना तांबं. आत सीसीए असतं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट ते १.६ पट. पारखायला एक साधी रीत आहे. १० सेंटीमीटरचा तुकडा पूर्ण सोला आणि सोनाराच्या काट्यावर ठेवा. खरं ४ गेज तांबं असेल तर १९ ग्रॅमच्या आसपास भरेल, सीसीए असेल तर ७-८ ग्रॅम. नुसत्या रंगावरून ओळखायला जाऊ नका. काटा नसेल तर एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी दिसली तर दुकानदाराला परत करा. दमट हवेत सीसीएचा आणखी एक त्रास होतो. टोकाला मुलामा कापला जातो, तिथून अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडत जातं आणि जॉइंट वर्षभरात ढिला होतो.

आपल्याकडे गेजच्या मागे न लागता स्क्वेअर एमएम सांगून केबल घेणं कधीही चांगलं. मुंबईच्या लोहार चाळीत तांब्याची वेल्डिंग केबल २५ आणि ३५ मध्ये मीटरवर मिळते. तारा बारीक असल्यामुळे ती वळतेही छान. दिसायला चकचकीत नाही, काळं रबर असतं, पण काम चोख. बॉनेटमध्ये तिच्यावर कोरुगेटेड पाइप चढवायलाच हवा. गरमीसाठी तर आहेच, पण पावसाळ्यात उघड्यावर लावलेल्या गाड्यांत घुशी शिरतात त्यासाठीही.

फ्यूजबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा: मुख्य फ्यूज केबलचं रक्षण करतो, अ‍ॅम्पचं नाही. धक्क्यात केबलचं कव्हर चिरलं आणि ती बॉडीला टेकली तर ३५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची लहान बॅटरीसुद्धा शेकडो अँपिअर ओतते आणि कव्हर पेटतं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून केबलच्या लांबीवर ४५ सेंटीमीटरच्या आत हवा, जितका जवळ तितका बरा. २५ स्क्वेअर एमएमला १०० अँपिअरचा एएनएल, म्हणजे जास्त करंटचा मोठा फ्यूज, लावा. ब्लॉकमध्ये ४ चॅनलसाठी ५० आणि मोनोसाठी ६०, म्हणजे अ‍ॅम्पच्या अंगावरच्या बेरजेइतकेच. ५० आणि ६० मिळून ११० होतात म्हणून मुख्य फ्यूज ११० चाच पाहिजे असं काही नाही. दोघांचा शिखर करंट एकदम आणि सतत लागत नाही.

फायरवॉलमधून केबल नेताना रबरी बुशाशिवाय नेऊ नका. नवीन भोक पाडलं तर त्याच्या कडेला प्रायमर लावा आणि केबल बुशात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळातून टपकेल, बुशातून आत येणार नाही.

खाडीकाठ_वाशी

तारवाला यांनी प्लसचं सगळं सांगितलं, पण माझ्या मते निम्मी वायरिंग मायनसची असते आणि दुर्लक्ष तिथेच होतं. जेवढा करंट प्लसमधून येतो तेवढाच अर्थमधून परत जातो, त्यामुळे अर्थची केबलही तितकीच जाड हवी.

सीटबेल्टचा बोल्ट बाद. जाड असला तरी त्याच्या आट्यांवर लॉकिंगचा लेप असतो, बैठकीखाली रंग असतो, आणि मुख्य म्हणजे अपघातात माणूस अडकवून धरणारा तो बोल्ट आहे. त्याच्याखाली थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायची भोकाची कडी) घालून त्याचं बसणं बदलू नये. सेल्फ टॅपिंग स्क्रूही नको, पत्र्यात त्याचे दोनच आटे धरतात.

डिकीच्या कार्पेटखाली, स्टेपनीच्या खड्ड्याच्या काठाला, चेसिसला वेल्ड केलेला जाड पत्रा शोधा. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप कुठून जातात ते. मग एम८ चा नट-बोल्ट आरपार.

जागा तयार करण्यात घाई नको. थिंबलपेक्षा थोडा मोठा गोल पेन्सिलने आखा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासत राहा. आधी गाडीचा रंग जाईल, मग राखाडी प्रायमर दिसेल. बरेच जण इथेच थांबतात, कारण तो राखाडी थर धातूसारखा दिसतो. तो वीज वाहून नेत नाही. चकचकीत पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा. पत्रा आणि थिंबल यांच्यामध्ये काहीही घालू नका, वॉशरसुद्धा नाही. थिंबल थेट पत्र्यावर, त्याच्यावर काटेरी वॉशर, मग नट. घट्ट आवळून झालं की जॉइंटवर आणि खालच्या बाजूने झिंक प्रायमर मारून वर रंगाचा हात द्या. क्रम उलटा झाला तर अर्थ गेला. खाडीची खारी हवा ठाण्यापासून बेलापूरपर्यंत सगळीकडे आहे. उघडा पत्रा एका पावसाळ्यात तांबरतो आणि मग अर्थ ढिला पडतो.

थिंबल तांब्याचं, कथील मुलाम्याचं, केबलच्या मापाचं: २५ च्या केबलला २५-८, म्हणजे २५ स्क्वेअर एमएम केबल आणि एम८ बोल्टचं भोक. पक्कडीने चेपून हातोडी मारणं म्हणजे क्रिम्पिंग नव्हे. हायड्रॉलिक किंवा लांब दांड्याचं क्रिम्पिंग टूल हवं. इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्यांकडे ते असतंच, रबाळे किंवा तुर्भे एमआयडीसीत कुठेही विचारा. दाबून झाल्यावर केबल पायाखाली धरून थिंबल जोर लावून ओढा. हललं तर कापून दुसरं लावा. वर हीट श्रिंक.

दोन्ही अ‍ॅम्पचे अर्थ एकाच बोल्टला आणा, प्रत्येकी ४५ सेंटीमीटरच्या आत. एक अ‍ॅम्प डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला अर्थ केला तर दोन बिंदूंत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो फरक आरसीएच्या, म्हणजे हेड युनिटकडून अ‍ॅम्पकडे सिग्नल आणणाऱ्या वायरीच्या, जाळीतून वाहतो आणि स्पीकरमधून अल्टरनेटरची शिट्टी येते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढणारी. पुढे बॅटरीचा मायनस ते बॉडी ही कंपनीची पट्टी बारीक असते, तिच्या जोडीला २५ ची एक केबल टाका. तुमच्या गाडीला स्टार्ट-स्टॉप असेल तर बॅटरीच्या मायनसवर करंट सेन्सर असतो. अशा वेळी नवीन केबल सेन्सरच्या बॉडीकडच्या टोकाला जोडायची, थेट बॅटरीच्या पोस्टला नाही. तसं केलं नाही तर अ‍ॅम्पनी खाल्लेला करंट गाडीच्या हिशोबात येत नाही आणि चार्जिंगचा अंदाज चुकतो.

बेलापूर_बास

रिमोटचं उत्तर: निळी-पांढरी वायर बहुतेक हेड युनिटमध्ये ३०० मिलीअँपिअरपर्यंत देते. एक अ‍ॅम्प चालू व्हायला १०-५० मिलीअँपिअर पुरतात. दोन अ‍ॅम्प थेट जोडा, डिकीत एका जॉइंटवरून दोघांना. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावा असं कोणी सांगेल, पण साध्या १२ व्होल्टच्या रिलेची कॉइलच दीडशे मिलीअँपिअर खाते, म्हणजे दोन अ‍ॅम्पपेक्षा जास्त. तीन-चार अ‍ॅम्प, वर पंखे, असं झालं तरच रिले. तेव्हा रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला रिमोट, ८५ ला अर्थ, ३० ला फ्यूजमधून आलेला १२ व्होल्ट, ८७ वरून सगळ्या अ‍ॅम्पचे रिमोट. कॉइलच्या दोन टोकांमध्ये, म्हणजे ८५ आणि ८६ वर, १एन४००७ डायोड आडवा टाका, पट्टीची बाजू ८६ कडे, म्हणजे कॉइल बंद होतानाचा झटका हेड युनिटला बसणार नाही.

आरसीए आणि पॉवर केबल एकाच बाजूने नेऊ नका. बॅटरी ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या दारांच्या उंबऱ्याखालून पॉवर, समोरच्या उंबऱ्याखालून आरसीए आणि रिमोट. डिकीत एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. तिन्ही प्रीआउट आहेत म्हणून वाय-जोड लागणार नाही, तीन जोड्या सरळ मागे.

आरसीए काढताना-घालताना हेड युनिट बंद ठेवा, हे कळकळीने सांगतो. काही हेड युनिटमध्ये आरसीएच्या अर्थला आत बारीक पिको फ्यूज असतो. अ‍ॅम्पचा मुख्य अर्थ सुटलेला असताना सिस्टम चालू राहिली तर सगळा करंट आरसीएच्या जाळीतून परत जाऊ बघतो आणि तो फ्यूज उडतो. त्यानंतर कितीही अर्थ घासला तरी शिट्टी जात नाही आणि माणूस महिनाभर चुकीच्या जागी शोधत बसतो. म्हणून जोडताना अर्थ सगळ्यात आधी, मुख्य फ्यूज सगळ्यात शेवटी.

सबच्या दोन कॉइल पॅरलल जोडा, ४ आणि ४ चे २ ओहम होतात. मीटरवर १.६ ते १.८ दिसेल, ते बरोबर आहे, मीटर फक्त डीसी रोध मोजतो. सीरिज केल्या तर ८ ओहम होतील आणि मोनोची ताकद वाया जाईल.

अ‍ॅम्पवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, तो हेड युनिटच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायला असतो. अ‍ॅम्पने किती व्होल्ट द्यायचे त्याचं सूत्र सोपं आहे: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ४ चॅनलसाठी ७५ गुणिले ४ म्हणजे ३००, वर्गमूळ १७.३ व्होल्ट. मोनोसाठी ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा, इक्वलायझर सपाट, बास बूस्ट बंद, फिल्टर बंद, गेन शून्यावर, हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांश. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, मीटर एसीवर ठेवून स्पीकर टर्मिनलवर धरा आणि गेन हळूहळू वाढवत त्या आकड्यावर आणा. ४ चॅनलसाठी बरेच जण १००० हर्ट्झ सांगतात, पण साधे मीटर एसी व्होल्ट ४०० हर्ट्झपर्यंतच नीट मोजतात. १०० किंवा २०० हर्ट्झ वापरा. स्पीकर सुटलेले असल्यामुळे आवाज अजिबात होत नाही. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायलाही हरकत नाही. मग दारांच्या स्पीकरना हाय पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) आणि सबला लो पास (वरचे सूर अडवणारा) दोन्ही ८० हर्ट्झवर, आणि ते एकाच ठिकाणी, हेड युनिटमध्ये किंवा अ‍ॅम्पवर. दोन्हीकडे लावले तर उतार दुप्पट तीव्र होतो आणि दार व सब यांच्यामध्ये बासला खड्डा पडतो.

घोडबंदर_हॅच

मनापासून आभार. स्टार्ट-स्टॉप नाही. सेल्फ टॅपिंग सगळे रद्द केले. एकच उरलं: दुकानात १ फॅरडचा कपॅसिटर घ्या म्हणतात, हेडलाइट मंद होणार नाहीत म्हणे. घ्यावा का?

तारवाला_ऐरोली

नको. हिशोब करून बघा. १ फॅरडमधून ४५ अँपिअर ओढले तर दर सेकंदाला ४५ व्होल्ट उतरतात, म्हणजे १ व्होल्ट उतरायला २२ मिलिसेकंद. ५० हर्ट्झच्या बासची एक लहर २० मिलिसेकंदांची असते. एका लहरीत रिकामा होतो, आणि मग भरून घ्यायला तोही अल्टरनेटरकडेच हात पसरतो. त्या पैशात जाड केबल आणि चांगली थिंबलं येतात.

तुमची खरी अडचण ट्रॅफिकची आहे. आयडलला अल्टरनेटर छापील क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देतो. पावसात घोडबंदरला उभं असताना एसीचा ब्लोअर, पंखा, वायपर आणि हॅलोजन हेडलाइट, ज्यांचे एकट्याचे ११० वॉट म्हणजे ८ अँपिअर, एवढ्यातच बराचसा संपतो. गाण्यांची सरासरी २५ अँपिअर त्यात मिळवली की बॅटरी भरण्याऐवजी थोडी थोडी रिकामी होऊ लागते. उभं असताना सबचा लेव्हल खाली घ्या. इंजिन बंद ठेवून ऐकायचं तर ३५ एएचच्या बॅटरीवर अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ नका, सेल्फला काही उरणार नाही. अल्टरनेटरच्या प्लसपासून बॅटरीपर्यंतची कंपनीची केबलही दुहेरी करा, तीही फ्यूजमधून.

आणि विमा कंपनीला या सामानाची नोंद द्या. बाहेरून लावलेलं इलेक्ट्रिकल सामान पॉलिसीत वेगळं लिहावं लागतं, त्याचा थोडा जादा हप्ता असतो.

घोडबंदर_हॅच

काम झालं, आवाज स्वच्छ आहे, शिट्टी नाही. पण बासच्या वेळी व्होल्टेज पडतं. इंजिन चालू ठेवून ४० हर्ट्झचा टोन सबवर लावला, डीसी क्लॅम्प मीटरवर ५५ अँपिअर. बॅटरीच्या पोस्टवर १३.६, मोनो अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२.७. केबल २५ ची तांब्याचीच आहे, वजन करून घेतली. मग ०.९ व्होल्ट जातात कुठे?

खाडीकाठ_वाशी

क्लॅम्प लावून मोजलंत हे उत्तम. आता ०.९ चे तुकडे करा. टोन चालू असतानाच मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनस पोस्टवर, दुसरं अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर: हा झाला अर्थचा हिस्सा. मग प्लस पोस्ट ते अ‍ॅम्पचा प्लस. दोन्हींची बेरीज ०.९ यायला हवी. रोध मोजायला जाऊ नका, साधा मीटर अर्ध्या ओहमच्या खाली भरवशाचा नसतो आणि इथे सगळा खेळ काही मिलीओहमचा आहे.

घोडबंदर_हॅच

अर्थ ०.४१, प्लस ०.४९. प्लसमध्ये पुढे गेलो: एएनएल होल्डरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ०.२० आणि होल्डर हाताला चांगला गरम. ब्लॉकमध्ये ०.०५.

तारवाला_ऐरोली

सापडलं. ५५ अँपिअरला २५ च्या ५ मीटर केबलमध्ये ०.१९ पडणारच, ते ठीक. फांदी आणि ब्लॉक मिळून सात-आठ शतांश, तेही ठीक. होल्डरचे ०.२० मात्र चूक आहे: ०.२० गुणिले ५५ म्हणजे ११ वॉट उष्णता त्या प्लॅस्टिकच्या डबीत. पुढच्या उन्हाळ्यात ती वितळेल, आणि फ्यूज उडणार नाही, कारण करंट मर्यादेतच आहे. उघडून बघा. बहुतेक सोललेली केबल थेट ग्रब स्क्रूखाली धरली असेल. बारीक तारा स्क्रूखालून बाजूला पसरतात आणि पहिल्या आठवड्यातच ढिल्या होतात. २५ चं फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची नळी) चढवून क्रिम्प करा, नाहीतर बोल्टवर थिंबल बसणारा होल्डर घ्या. एएनएलचे पाय काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने साफ करा.

खाडीकाठ_वाशी

आणि ०.४१ चा अर्थ. ४५ सेंटीमीटर केबलमध्ये सतरा-अठरा मिलिव्होल्टच्या वर पडायला नकोत. आता एक टोक बोल्टजवळच्या घासलेल्या पत्र्यावर आणि दुसरं थिंबलवर ठेवा. तिथेच मोठा आकडा दिसला तर राखाडी प्रायमर राहिलाय किंवा थिंबलखाली वॉशर आलाय. तिथे काही नाही आणि पत्रा ते बॅटरी मायनस यात दिसला तर पुढची पट्टी दुहेरी करायची राहिली आहे.

घोडबंदर_हॅच

थिंबल ते पत्रा ०.०३. पत्रा ते बॅटरी मायनस ०.३६. पुढची केबल खरंच टाकलेली नाही, रविवारी टाकतो.

खाडीकाठ_वाशी

मग तीच. बॉडीकडचं टोक बसवताना तिथलाही रंग घासा, गिअरबॉक्सच्या आवरणाकडेही एक केबल न्या. झाल्यावर त्याच ५५ अँपिअरला पुन्हा मोजा, अर्थ ०.१५ च्या खाली आला पाहिजे.